आठ आडवा

अनिल नागवेकरांचं शब्दकोडं सगळ्यांना आवडतं, या गोष्टीचा योगिनीला कधी संशय आला नव्हता. खरं तर यायला हवा होता. रत्नागिरीत सगळ्यांना आवडतो असा एक हापूस, आणि त्यातही पायरीवाले वाद घालतातच. मग एका निवृत्त वाहतूक नियंत्रकाने रचलेलं गूढ शब्दकोडं, तेही 'दीपकाठ' या गावातल्या गावात निघणाऱ्या दिवाळी अंकातलं, सगळ्यांना एकमुखाने आवडावं यात काहीतरी काळंबेरं होतं. पण दिवाळीच्या दिवसांत बाईमाणसाला संशय घ्यायला सवड कुठे असते!

नरक चतुर्दशीला 'मांडवी दर्शन' इमारतीतली सगळी बिऱ्हाडं नागवेकरांकडे पोहे खायला जमत. (इमारतीतून मांडवी दिसत नाही. समोरच्या इमारतीतल्या चादरी दिसतात.) ही प्रथा कोणी पाडली ते आता कोणालाच आठवत नव्हतं, म्हणजे ती योगिनीनेच पाडली असणार. पहाटे उठून ती पोह्यांचे सगळे प्रकार करायची, आणि अनिल नवा सदरा घालून दिवाणखान्यात बसायचे. टीपॉयवर 'दीपकाठ' पडलेला असायचा, अगदी सहज टाकल्यासारखा. उघडा मात्र बरोबर कोड्याच्याच पानावर.

"काय मयेकर, बघितलंत का कोडं?" यंदाही त्यांनी विचारलं.

वरच्या मजल्यावरचे सखाराम मयेकर बोटीवर नोकरी करून आलेले. जगातली सगळी बंदरं बघितल्यामुळे त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नसे, पण कौतुक करायला ते कधी चुकत नसत. "बघितलं म्हणजे काय! अहो, काय डोकं आहे का काय! आमच्या बोटीवर एक ग्रीक कप्तान होता, तोसुद्धा एवढा खवट नव्हता."

"आठ आडवा जमला?"

मयेकरांनी तोंडातला घास जरुरीपेक्षा जास्त वेळ चावला. "आठ आडवा! आहाहा! काय आडवा घातलाय हो!"

"मला तर चष्म्याशिवायसुद्धा आवडलं," गोदावहिनी, म्हणजे मयेकरांच्या बायको, म्हणाल्या. तळमजल्यावरची वेदिका एका पतसंस्थेत कामाला होती आणि तिचा एक डोळा सदैव मोबाइलवर असायचा. तीही म्हणाली, "मस्त आहे काका. एकदम वेगळंच." अनिलांच्या चेहऱ्यावर पणत्या लागल्या. स्वयंपाकघरात योगिनीने तिसरं पातेलं उतरवलं आणि कंबरेला हात लावून भिंतीला टेकली. निदान एक माणूस तरी सुखात आहे, असं तिच्या मनात आलं.

नोकरीत असताना अनिलांनी उभा जन्म एसटी स्टँडच्या खिडकीत बसून, कोणती गाडी येणार नाही हे लोकांना सांगण्यात घालवला होता. माहिती तर द्यायची, पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागू द्यायचं नाही, ही कला त्यांना तिथेच साधली. निवृत्तीनंतर ते शब्दकोड्याकडे वळले यात नवल नव्हतं. योगिनीने मात्र त्यांचं एकही कोडं सोडवलं नव्हतं. पहिल्या वर्षी 'शोधसूत्र म्हणजे काय हो?' एवढंच तिने विचारलं होतं. अनिल समजावू लागले ते आमटी आटेपर्यंत. तेव्हापासून ती कोड्याकडे लांबूनच आदराने बघायची.

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आणि योगिनी फराळाचे रिकामे डबे घासत असताना तिच्या मोबाइलवर दीपकचा फोन आला. दीपक भाटकर 'दीपकाठ'चा संपादक. शिवाय तोच वितरक, तोच जाहिराती आणणारा, आणि प्रकाशन समारंभात खुर्च्या मांडणाराही तोच.

"वहिनी, साहेब जवळपास नाहीत ना?"

"गॅलरीत आहेत. का रे?"

"कोड्याची उत्तरं आली नाहीत."

"येतील की. तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत आहे ना?"

"वहिनी, एकसुद्धा आलेलं नाही. दरवर्षी चिपळूणचे ते एक गुरुजी पाठवायचे, बक्षीसही त्यांनाच जायचं. ते आता मुलीकडे ठाण्याला गेले. अंकाच्या मंडळात विषय निघालाय. पुढच्या वर्षी ते पान फरशीवाल्यांना द्यायचं म्हणतात. त्यांना अख्खं पान हवंय, रंगीत."

"यांना सांगितलंस?"

"मी?" दीपकचा आवाज एकदम बारीक झाला. "मी कसं सांगणार, वहिनी? सणासुदीचे दिवस!"

फोन ठेवून योगिनी ओल्या हाताने तशीच उभी राहिली. गॅलरीत अनिल नव्या वहीवर रेघा मारत होते. पुढच्या वर्षीच्या कोड्याची तयारी तुळशीच्या लग्नाआधी सुरू करायची, हा त्यांचा शिरस्ता. तिने ठरवलं, आपणच सोडवू. सोडवून मयेकरांच्या हातात देऊ. ते आपल्या नावाने पाठवतील, पान वाचेल आणि विषय संपेल. एवढ्या चकल्या तळल्या, त्यात आणखी एक घाणा.

दुपारी अनिलांचा डोळा लागल्यावर ती पेन्सिल घेऊन बसली. कोड्याच्या वर लिहिलं होतं: 'या कोड्यात एक गोष्ट लपली आहे. ती कुठेही लिहिलेली नाही, पण तिच्यावाचून पाच शब्द उपाशी आहेत. ओळखा.' बरं, ओळखू. एक आडवा: तीन अक्षरी. तिने चौकटीत बघितलं. घरं पाच होती. तिने चष्मा पुसला. तरी पाचच. दोन उभा: दोन अक्षरी, घरं चार. आठ आडवा: 'शूळ उठला, पण गणपती पुढे आला आणि सगळं गोड झालं.' हे तिला बसल्याजागी सुटलं. शूळातला पुढचा 'श' जाऊन गणपतीचा 'ग' आला, की गूळ. ती इतकी खूश झाली की स्वतःशीच "अगो बाई!" म्हणाली. मग ती गूळ ठेवायला जागा शोधू लागली. आठ आडवा नव्हताच. आठ उभा होता. सात आडवा होता, दहा आडवा होता. आठ आडवा अख्ख्या चौकटीत कुठेही नव्हता.

गूढ म्हणतात ते हेच असावं, असं धरून तिने पेन्सिल खाली ठेवली. आपली बुद्धी कमी पडत असेल, हा विचार तिला फारसा लागला नाही. लग्न झाल्यापासून त्याची सवय होती. पण पाच घरांत तीन अक्षरं बसवायला बुद्धी कितीही असली तरी काय उपयोग? शेवटी ती उठली. कपाटात शंकरपाळ्यांच्या डब्याखाली गेल्या वर्षीच्या 'दीपकाठ'ची पानं अंथरलेली होती, तेल टिपायला. डबा सरकवून तिने तेलकट पान उजेडात धरलं. तीच चौकट. काळी घरं जिथल्या तिथे, आकडे जिथल्या तिथे. छापखान्याने सूत्रं यंदाची घेतली आणि चौकट गेल्या वर्षीची चिकटवली होती.

अनिलांच्या हे लक्षात आलं नव्हतं, कारण छापून आलेल्या कोड्यात ते एकच गोष्ट बघत, ती म्हणजे खाली 'नागवेकर' बरोबर आहे ना. एका वर्षी 'नागवडेकर' छापून आलं होतं, तेव्हापासूनची ही खबरदारी.

छापखान्याच्या नावाने बोटं मोडायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आठ आडवा नव्हता. मग मयेकर कशाला आहाहा म्हणाले? गोदावहिनींना चष्म्याशिवाय काय आवडलं? अंक बाजारात येऊन एवढे दिवस झाले, आणि एकाही माणसाने 'नागवेकर, तुमचं काहीतरी चुकलंय' म्हटलं नाही. कारण पहिला शब्द भरायला पेन्सिल टेकवली असती तरी ज्याला त्याला ते कळलं असतं. म्हणजे सबंध रत्नागिरीत कोणी पेन्सिल टेकवलीच नव्हती.

अनिलांना जाऊन चूक सांगितली, तर ते चिडतील, छापखान्याला शिव्या देतील. त्याचं काही नाही. पण चिडून झाल्यावर ते गप्प होतील, आणि त्या गप्पपणात हाच हिशेब करतील. उभ्या जन्मात ज्यांनी चौकशीच्या खिडकीतून माणसं ओळखली, त्यांना एवढं नक्की कळेल, की ज्या गाडीची कोणी चौकशीसुद्धा करत नाही, त्या गाडीने कोणाला कुठेच जायचं नसतं. ते तिला होऊ द्यायचं नव्हतं. बाकी त्या पानावर फरशी येवो नाहीतर संडासाची टाइल.

तोडगा तिला संध्याकाळी दिवा लावताना सुचला. यांच्याकडे कोणीतरी तक्रार करायला हवी. खरीखुरी, रागाने, तोंडावर. माणूस चिडला म्हणजे त्याने सोडवायला घेतलं होतं, हे आपोआप सिद्ध होतं. कौतुकाचा आता काही उपयोग नव्हता. ते पोह्यांबरोबर फुकट मिळत होतं. ती जिना चढून मयेकरांकडे गेली आणि त्यांना सगळं सांगितलं.

"नाय नाय वहिनी, हे काय भलतंच!" मयेकर दचकले. "सणासुदीला शेजाऱ्याच्या दारात जाऊन भांडायचं? आणि मी तर त्या दिवशी एवढं कौतुक करून बसलो."

"तुम्ही जो आठ आडवा बघितलात, तो तिथे नाहीच्चे."

मयेकरांनी उठून पंखा वाढवला. "सांगतो काय वहिनी, आमच्या पिढीला कोडी झेपत नाहीत. पण पोहे फार चांगले झाले होते हो!"

"गो योगिनी," गोदावहिनी आतून येत म्हणाल्या, "मी सांगते तसं कर. भावजींना गणपतीपुळ्याला घेऊन जा. समुद्र बघितला की माणूस विसरतो."

"वहिनी, समुद्र इथेही आहे."

"पण तो आपलाच. त्याचं काय कौतुक?"

वेदिकाने आणखी वेगळा सल्ला दिला. काकांना कोडं ऑनलाइन टाकायला सांगा, तिथे अनोळखी माणसं मोकळेपणाने वाईट बोलतात. योगिनी दमली होती. या जिन्याच्या पायऱ्या चढता उतरता तिचे गुडघे बोलू लागले होते, आणि घरात दुधाला विरजण लावायचं राहिलं होतं. "हे बघ," ती तळमजल्याच्या कठड्यावर टेकत म्हणाली, "तुमच्याकडे मी आजवर काही मागितलं नाही. मला एक तक्रार हवी आहे, बस. नवी शोधायची नाही. आहे तीच करायची." मग वेदिकालाच काय ते वाटलं असावं. तिने मोबाइल खाली ठेवला आणि हो म्हणाली. मयेकरांनाही तिनेच तयार केलं.

तयार झाल्यावर मयेकर थांबेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी अनिल दूध घेऊन येत होते, तेव्हा जिन्यातच गडगडाट झाला.

"नागवेकर! ही काय पद्धत झाली? काल सगळी दुपार गेली माझी! आठ आडवा कुठाय?"

अनिल गोंधळले. "अहो, त्या दिवशी तुम्हीच तर म्हणालात..."

योगिनीने दाराआड डोळे मिटून घेतले.

"ते मी उपरोधाने म्हटलं!" मयेकर ओरडले. "काय आडवा घातलाय, म्हणालो की नाही? बोटीवर असता तर तुम्हाला पुढच्या बंदरात उतरवलं असतं!"

वेदिकाने इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिलं, 'काका, आठ आडवा नाही. फार मनस्ताप.' त्याच्याखाली कोणीतरी लिहिलं, 'आमच्याकडेही नाही.' मग आणखी दोघांनी. मागच्या बाजूच्या एकाला हे पाण्याविषयी चाललंय असं वाटून त्याने टाकी कधी साफ होणार ते विचारलं. दुपारपर्यंत ज्यांनी 'दीपकाठ' विकत घेतला नव्हता तेही रागावलेले होते. एका बाईंनी तर काळी घरं फार आहेत, सणाला ती अशुभ दिसतात, असंही मत दिलं. आपल्याकडे पहिली तक्रार मिळणं अवघड. पुढच्या फुकट मिळतात.

अनिल पान हातात घेऊन खुर्चीत बसले. चौकट बघितली, सूत्रं बघितली, पुन्हा चौकट बघितली. योगिनी ओट्याशी तीच वाटी पुन्हा पुन्हा पुसत होती.

"गाढव आहेत छापखान्यातले," ते म्हणाले. मग मोबाइल उचलून त्यांनी सगळ्या तक्रारी पहिल्यापासून वाचल्या. वाचता वाचता त्यांचा चेहरा वेगळाच होत गेला. "योगिनी, बघितलंस? केवढे चिडलेत लोक!" त्यांचा आवाज चक्क ओला झाला होता. "बिचारे घराघरात बसलेत माझं कोडं घेऊन. आणि मी मूर्ख, नुसतं माझं नाव बघून सोडून दिलं."

तिला वाटलं, झालं. ती पलंगावर जाऊन आडवी झाली, आणि त्या दुपारी दिवाळीनंतर प्रथमच झोपली. ही तिची चूक.

ती उठेपर्यंत अनिल छापखान्यात जाऊन आले होते. छापखान्याचं म्हणणं पडलं, की चूक मान्य आहे, पण लेखी मान्य करता येणार नाही. शिवाय तपासणीच्या प्रतीवर नागवेकरांचीच सही होती, तीही झोकदार. दीपकचं म्हणणं पडलं, की शुद्धिपत्र छापायचं तर मंडळाचा ठराव हवा, ठरावाला सभा हवी, सभेला अध्यक्ष हवेत, आणि अध्यक्ष मुलाकडे मुंबईला गेलेत. अनिलांनी हे सगळं ऐकून घेतलं. एसटीत राहिलेल्या माणसाला यात नवं काही नव्हतं. घरी पट्टी घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने खरी चौकट आखली, काळी घरं स्केचपेनने भरली, आणि मारुती मंदिराजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढून संध्याकाळी ते घरोघर वाटायला निघाले.

"तुम्हाला त्रास झाला, माफ करा," प्रत्येक दारात ते हात जोडून सांगत होते. "आता निवांत सोडवा. तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत आहेच. पाठवायचीसुद्धा तसदी नको. मी स्वतः येईन, उत्तरं घेऊन जाईन."

स्वतः येईन! अनिल सकाळी फिरायला गेले रे गेले, की नागवेकरांच्या दाराची बेल वाजू लागली.

"वहिनी, तुम्ही तक्रार करायला सांगितलंत," मयेकर कागद फडकवत म्हणाले. "सोडवायचं कुठे ठरलं होतं? काल जिन्यात धरून नागवेकरांनी विचारलं, किती झालं म्हणून. मी सांगितलं, निम्मं! आता?"

"काकू, माझी तर तपासणी चालू आहे ऑफिसात," वेदिका म्हणाली. "मला स्वतःचं नाव आडवं की उभं ते कळत नाही."

"आणि माझा चष्मा खरंच दुरुस्तीला गेलाय गो," गोदावहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी गेला नव्हता."

कागद ओट्यावर जमत गेले. योगिनीने त्यावर पोळपाट ठेवला, उडू नयेत म्हणून. सगळ्यांच्या वाटचं कोडं आता तिला सोडवायचं होतं. तक्रारीचा घाणा तिनेच घातला होता, तर तोही तिनेच काढायचा. यात कोणाची चूक होती असंही नाही.

मग तिने सोडवलं. आमटी उकळेपर्यंत एक सूत्र, कुकरच्या शिट्टीपर्यंत दुसरं. 'ताकद शेवटी संपली, उरलं ते पाणचट.' ताकदीतला शेवटचा 'द' गेला की ताक. हे तिला कढीला फोडणी देताना सुटलं, आणि आपल्याच अवस्थेचं वर्णन वाचल्यासारखं वाटलं. 'दूरच्या धनाची नुसती सुरुवातच शुभ्र,' हे दूध. अनिल आत आले की कागद पोळपाटाखाली जात. "काय गं, आज सारखी पोळपाट पुसतेस?" ते विचारत. "मुंग्या झाल्यात," ती म्हणे. एक सूत्र मात्र हलेना: 'गाणाऱ्याने कोळशातला सूर पळवला, राहिलं ते आंबट.' यावर तिच्या तीन भाकऱ्या करपल्या. शेवटी चौथी तव्यावर टाकताना तिला दिसलं, की सूर म्हणजे 'सा', आणि कोळशातला 'सा' गेला की उरतो कोळ. तिला आनंद झाला नाही. तिला राग आला.

लपलेली गोष्ट राहिली होती. पाच उपाशी शब्द तिने ओळखले, त्यांना सूत्रात फुल्या होत्या: दूध, गूळ, ताक, कोळ, फोडणी. यांना जोडणारं काय?

"पंचामृत," गोदावहिनी ठामपणे म्हणाल्या. "दुसरं काय असणार दिवाळीला?"

"पंचामृताला फोडणी?"

"जेवणातलं पंचामृत गो. त्यात कोळ असतो, गूळ असतो, फोडणी असते."

"आणि दूध घातलं तर फाटेल त्याचं काय?"

मयेकरांच्या मते हे सगळं समुद्राविषयी होतं, पण का ते त्यांना सांगता येईना. वेदिका म्हणाली, चेहऱ्याला लावायचा लेप असेल. फोडणीपाशी तीही अडली.

तुळशीच्या लग्नाच्या सकाळी योगिनीने डब्यातले उरलेसुरले पोहे भिजवले. अनिल गॅलरीतून ओरडले, "पोहे का? कसले करतेस?"

ती चमचा हातात धरून थांबली. कसले? दुधातले. गुळाचे. ताकातले. कोळाचे. फोडणीचे. तिच्या नरक चतुर्दशीची सगळी पातेली रांगेने त्या चौकटीत मांडलेली होती. दरवर्षी हा माणूस दिवाणखान्यात नवा सदरा घालून बसतो आणि आत काय चाललंय ते त्याच्या गावी नसतं, असं ती धरून चालली होती. गावी होतं तर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण समोर कांदा चिरलेला होता, तेव्हा त्याचं श्रेय कोणाला द्यायचं ते तिने ठरवलं नाही. शिवाय एवढं गावी होतं, तर एक पातेलं उचलायला काय झालं होतं? "फोडणीचे!" ती ओरडली, आणि सगळ्या कागदांवर 'पोहे' लिहायला बसली.

उत्तरं लिहिताना तिने काळजी घेतली. प्रत्येक घराच्या चुका वेगळ्या केल्या. वेदिकाचे दोन शब्द रिकामे ठेवले, तपासणीमुळे. गोदावहिनींचं 'पोहे' खोडून 'पंचामृत' केलं, कारण त्यांनी हट्टच धरला. मयेकरांना सगळंच बरोबर हवं होतं; तक्रार पहिली आपली, तेव्हा बक्षीसही आपलंच, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या कागदावर तिने डाव्या हाताने लिहिलं आणि चहाचा एक डाग पाडला. मग तिने ज्याचे कागद त्याला नेऊन दिले, पुन्हा जिने चढून. तुळशीचं लग्न लागल्यावर, त्याच संध्याकाळी, अनिल तेच कागद घेऊन परत आले.

ते लाल पेन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. इतकं सुखी तिने त्यांना निवृत्तीच्या निरोप समारंभातही बघितलं नव्हतं. ती पापड भाजत होती. सगळं पार पडलं होतं. आता फक्त जेवायचं, आणि पडायचं.

"वेदिका हुशार आहे, पण धीर नाही," अनिल म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "गोदावहिनींचं पंचामृत! छान वाट चुकल्या." मग त्यांनी मयेकरांचा कागद घेतला. "वा! मयेकरांनी कोळ पकडला. बघ योगिनी, हे सूत्र मी अगदी सहज लिहून गेलो, आणि हा माणूस सहज सोडवून गेला. अशी तार जुळावी लागते दोघांची. तुला नाही ते कळायचं."

योगिनीने पापड उलटला. तो तिच्या हातात मोडला.

"सहज?" ती म्हणाली.

"म्हणजे, मुरलेल्या माणसाला..."

"तीन भाकऱ्या करपल्या माझ्या त्या सूत्रापायी! सहज म्हणे!"

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. अनिलांनी हातातल्या कागदाकडे बघितलं. मग बाकीचे कागद एकेक करून पुन्हा बघितले. लाल पेनाला टोपण लावलं.

"वेदिकाचं?"

"ती रात्री उशिरा येते बिचारी."

"गोदावहिनी?"

"चष्मा नाही त्यांना."

"आणि मयेकर?"

तिने मोडलेला पापड ताटलीत ठेवला.

"म्हणजे कोणीच..." अनिल सावकाश म्हणाले. नेमकं हेच वाक्य त्यांच्या तोंडून येऊ नये म्हणून ती इतके दिवस जिने झिजवत होती. आता समजूत घालायला हवी होती. पण तिचे गुडघे दुखत होते, हाताला चटका बसला होता, आणि तो 'सहज' अजून घशात अडकलेला होता.

"कोणीच कसं?" ती म्हणाली. "अख्खं कोडं सोडवलंय मी! या घराच्या चुका वेगळ्या, त्या घराच्या वेगळ्या, असं किती वेळा लिहिलंय. तुमचे पोहेसुद्धा ओळखले, आणि त्याबद्दल मला वेगळं बोलायचंच आहे. आणि ते कोळाचं सूत्र साफ चुकीचं आहे, हे आत्ताच सांगते."

"चुकीचं?"

अनिल ताठ बसले. स्टँडच्या खिडकीशी येऊन कोणी वेळापत्रक चुकीचं म्हणालं की ते पूर्वी असेच ताठ बसायचे. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते तिला नीट वाचता आलं नाही. एवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. आपला नंबर कितवा आला ते विचारायला मयेकरांनीच फोन केला होता.

"मयेकर, नंतर करा हो," अनिल तिच्यावरची नजर न काढता म्हणाले. "इथे एक वाचक तक्रार घेऊन आल्यात."

फोन ठेवून त्यांनी पायाने समोरची खुर्ची बाहेर सरकवली आणि लाल पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"हां, बसा," ते म्हणाले. "काय म्हणणं आहे आपलं?"

योगिनीने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि ती बसली. पाय तर दुखतच होते.

"पहिलं म्हणजे," ती म्हणाली, "त्या गाणाऱ्याचं तिथे काही काम नव्हतं."